पोळ्याच्या दिवशीची नोंद

कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणाऱ्या बायकांपैकी मी एक आहे. गॅस बंद करून निघाले तरी जिन्यातून परत येते आणि बटण चाचपते. नवरा म्हणतो, "तुले देवानं दर्शन दिलं तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील." खोटं नाही ते. त्यामुळे नशिबाने मला कामही स्वभावाला शोभेल असंच मिळालं. एखादी गोष्ट ज्याने केली असं म्हणतात, खरंच त्यानेच केली का, हे तपासायचं.

आमची कंपनी छोटीशी. वजनकाट्यांची सॉफ्टवेअर बनवते. शहराबाहेरच्या वाडी भागातली गोदामं, बुटीबोरीच्या कारखान्यांची फाटकं, अशा ठिकाणी ट्रक काट्यावर चढतो, पडद्यावर आकडा येतो, पावती निघते. त्या आकड्यामागे आमचा प्रोग्रॅम असतो. त्यात बाहेरच्या कुणी हात घातला तर भरलेला ट्रक पावतीवर अर्धा होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून आमच्याकडे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार झाली की ज्याने ती बनवली त्याने आपल्या खात्यातून तिच्यावर सही करायची. पेनाची नाही, संगणकाची सही. आणि सही झाली की तिची नोंद इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक वहीत आपोआप पडते. ही वही आमची नाही. कितीतरी कंपन्या तिच्यात नोंदी करतात आणि कुणीही ती उघडून वाचू शकतं. कुणी सही केली, कशावर केली, केव्हा केली, एकाखाली एक. त्यातली ओळ खोडता येत नाही. वही सांभाळणाऱ्यांनाही येत नाही. अशा वहीला पारदर्शक म्हणतात, आणि तो शब्द मला तेव्हा फार आवडायचा.

सकाळचा पहिला चहा घेताना मी मोबाईलवर दोन गोष्टी बघते. आधी ती वही नीट चालू आहे ना. चालू असली की हिरवी खूण दिसते. मग आमच्या कंपनीच्या नावाखाली नवीन काही आलंय का. बहुतेक दिवस काहीच आलेलं नसतं. मी चहा संपवते आणि कणीक मळायला घेते.

ही व्यवस्था यंदाच्या उन्हाळ्यात मीच कंपनीत आणली. सगळ्यांनी कुरकुर केली, फक्त भाऊंनी केली नाही.

भाऊ म्हणजे आमच्याकडे आवृत्त्या तयार करणारे. माझ्यापेक्षा थोडे मोठे, म्हणून ऑफिसभर सगळ्यांचे भाऊ. आम्ही दोघं कंपनीच्या सुरुवातीपासून एका टेबलावर डबा खात आलो आहोत. माझ्या भाजीत मीठ कमी असलं तर ते काही न बोलता आपल्या लोणच्याची फोड माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवत. वाडीला दोन खोल्यांत राहतात. मूळचं गाव काटोलच्या पलीकडे, घरची शेती, आणि पोळा जवळ आला की त्यांच्या तोंडी गावाशिवाय दुसरा विषय नसे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं कसे चोळतात, आणि चोळताना त्यांच्या कानात कसं सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दर वर्षी सुट्टीला निघताना बॅग खांद्याला लावून ते माझ्या टेबलाशी थांबत.

"ताई, आज आवतण घ्या, सुट्टीनंतर जेवाले या."

"मला बैल समजता का भाऊ?"

"नाही जी. बैल ऐकते तरी."

आणि वर पुन्हा, "फोन नका लावू, आमच्या गावाले रेंज नाही."

सुट्टी संपली की मोठा डबा भरून पुरणपोळी येई. अर्धी आम्ही ऑफिसात संपवायचो, अर्धी मी घरी न्यायचे. नवरा पहिल्या घासालाच म्हणायचा, "गावच्या पुरणाची गोष्टच वेगळी आहे वं. चुलीचा वास येऊन राहिला." आणखी एक गंमत म्हणजे पोळ्यानंतर भाऊंचं रेंगाळलेलं काम एकदम पूर्ण झालेलं असायचं. आम्ही म्हणायचो, गावचं पाणी पिऊन आले की भाऊंच्या हातात जादू येते.

उन्हाळ्यात मी सगळ्यांना नवी पद्धत शिकवत होते तेव्हा भाऊंनी एकच प्रश्न विचारला होता. "ताई, हे वही कोण वाचते?"

"कोणी नाही हो," मी म्हटलं. "चोर आला तरच तिचं काम."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले.

पोळ्याला आमच्याकडे दोन दिवस सुट्टी असते, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. पोळ्याच्या दिवशी दुपारी पुरण शिजत होतं आणि मी सवयीने फोन उघडला. हिरवी खूण होती. खाली आमच्या नावावर एक ताजी नोंद होती. नवी आवृत्ती, आजची सही, भाऊंचं खातं.

ऑफिस बंद, भाऊ गावाला, तिथे रेंज नाही. मग सही केली कुणी? भाऊंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. मी घाबरले होते, पण त्या भीतीच्या खाली मला थोडा आनंदही झाला होता. आला एकदाचा चोर! इतके महिने लोक माझ्या तपासण्यांना हसत होते, आता बघा म्हणावं.

मी भाऊंचं खातं बंद करून टाकलं. आमची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना निरोप पाठवला की नवी आवृत्ती आली तर घालू नका. साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, फोन करून सांगितलं. इथपर्यंत मी केलं ते बरोबरच होतं, आजही तसंच म्हणेन. पुरण मात्र बुडाला लागलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती. मी एका हाताने त्यांना चॉकलेटं वाटत होते आणि दुसऱ्या हाताने चोर शोधत होते. तो काही सापडेना. सही केलेली आवृत्ती आमच्याच प्रोग्रॅमशी तंतोतंत जुळत होती. एक ओळ इकडची तिकडे नव्हती. सही झाली होती ती भाऊंच्या टेबलावरच्या संगणकातून. ऑफिसचं दार कार्डाने उघडतं, त्याचा हिशोब मला दिसतो. पोळ्याच्या सकाळी भाऊंचं कार्ड आत आलं होतं आणि दिवेलागणीला बाहेर गेलं होतं.

म्हणजे चोर नव्हताच. भाऊ पोळ्याचा अख्खा दिवस रिकाम्या ऑफिसात आपल्या खुर्चीवर बसून काम करत होते.

तिथे माझं काम संपलं होतं. धोका नाही, खातं पुन्हा चालू करा, एवढं कळवून मला हात धुता आले असते. वाडी काही सातासमुद्रापलीकडे नाही. स्कूटर काढून भाऊंकडे जाता आलं असतं, चहा पिता पिता विचारता आलं असतं, भाऊ, हे काय? पण मी गेले नाही, कारण मला राग आला होता. सहीचा नाही, पुरणपोळीचा. गावच्या चुलीवरची म्हणून मी ती खाल्ली होती, नवऱ्याला खाऊ घातली होती, तिचं कौतुक केलं होतं. मी, जी कुलूप तीनदा ओढते, तिला या माणसाने रोज समोर बसून फसवलं! त्या रागाच्या भरात मी जे बघायची काही गरज नव्हती तेही बघितलं. मागच्या वर्षीचा पोळा. त्याच्या मागच्या वर्षीचा. दर पोळ्याला भाऊंचं कार्ड सकाळी आत, संध्याकाळी बाहेर.

मग मी अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत लिहिलं की सुरक्षेला धोका नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पुढे लिहिलं: "संबंधित कर्मचाऱ्याने त्या दिवशी आपण गावी असल्याचे सांगितले होते. ते खरे नाही. मागील वर्षांतही हाच प्रकार दिसून येतो." हाच प्रकार! एखाद्या भुरट्या चोराबद्दल लिहावं तसं. लिहून झाल्यावर शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिलं.

सुट्टीनंतर भाऊ आले तेव्हा त्यांच्या हातात नेहमीची पिशवी होती आणि पिशवीत डबा होता, हे मला लांबूनच दिसलं. साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नाहीत, पण दोन दिवस ते तणावात होते, आणि त्यांनी माझा अहवाल पडद्यावर लावून मोठ्याने वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत. सगळे आधी पडद्याकडे बघत होते, मग भाऊंकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "भाऊ, मला नीट समजावून सांगा. सुट्टीच्या दिवशी, कुणालाही न सांगता, इथे तुम्ही काय करत होता? आणि गावाला जातो म्हणून का सांगितलं?"

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी काय करून बसले. या प्रश्नाचं उत्तर भाऊंनी दिलं नसतं तर ते या खोलीतून संशयित म्हणून बाहेर पडले असते. वजनकाट्याच्या धंद्यात संशयित माणसाला कुणी ठेवत नाही.

भाऊ उभेच होते. पिशवीही त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"काम करून राहिलो होतो, साहेब. दुसरं काही नाही." मग म्हणाले, "वडील गेल्यावर भावासंग वावराच्या हिश्शावरून बोलाचाली झाली. तेव्हापासून पोळ्याचं आवतण येत नाही. आता त बैलही विकले म्हणते, ट्रॅक्टर आहे. न बोलावता कसा जाऊ? अन् घरी थांबलो त शेजारचे विचारते, भाऊ, गावाले नाही गेले काय, काहून नाही गेले. म्हणून बॅग घेऊन निघतो अन् इथं येऊन बसतो. संध्याकाळी घरी जातो. बायकोले माहीत आहे."

सगळे अजून त्यांच्याकडेच बघत होते. भाऊंना वाटलं असावं की उत्तर अजून पुरं झालं नाही. म्हणून ते म्हणाले, "नोंद पडते हे माहीत होतं मले. पण ताईनं सांगतलं होतं, कोणी वाचत नाही म्हणून."

त्यात तक्रार नव्हती. साहेबांनी विचारलं आणि त्यांनी खरं ते सांगितलं, एवढंच. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांनी मोठा श्वास सोडला आणि ते हसले. "अरे, एवढंच ना! मला वाटलं काय नि काय." बाकीचेही हसले, सुटल्यासारखे. भाऊही हसले. खातं दुपारपर्यंत चालू झालं. जेवणाच्या वेळी भाऊ माझ्यासमोर बसले, पण पिशवीतला मोठा डबा त्यांनी काढला नाही. पोळी-भाजीचा छोटा डबा काढला. मोठा डबा संध्याकाळी तसाच घरी गेला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मी चारचौघांत बोट-बोट करून उघडली होती, आणि आत कुणाचंही काही नुकसान करणारं नव्हतं. होता फक्त एका माणसाला न आलेल्या आवतणाचा कमीपणा. त्याने तो किती नेटकेपणानं झाकून ठेवला होता, वरून आम्हाला गोड खाऊ घालत होता.

मी माफी मागितली. जिन्यात गाठून म्हटलं, "भाऊ, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं."

"तुमचं कामच आहे ताई ते," भाऊ म्हणाले. "काहून वाईट वाटून घेता?"

मी साहेबांना दुसरा अहवाल पाठवला, की पहिल्यातल्या शेवटच्या तीन ओळी मागे घेते. साहेब म्हणाले, "झालं की आता, सोडा." त्यांच्यासाठी ते झालंही होतं. पण ऑफिसातल्या लोकांना आता भाऊंचा भाऊ सापडला होता. येता-जाता सल्ले सुरू झाले. एकदा फोन तर करून पाहा भाऊ. वकील बघा. शेवटी रक्ताचं नातं आहे. भाऊ सगळ्यांना "हाव, हाव" म्हणायचे.

आणि मग ते सुरू झालं. एका सकाळी भाऊ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, खाली चहाले चाललो." मी म्हटलं, बरं. थोड्या वेळाने, "ताई, आलो." दुपारी, "ताई, बँकेत जाऊन येतो, तिथून सरळ इकडेच येईन." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं टोमणा मारताहेत, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे फटकन बोलले, "भाऊ, मला कशाला सांगता? मी काय पहारेकरी आहे?"

ते दचकले. टोमणा मारणारा माणूस असा दचकत नाही. "नाही जी," ते म्हणाले, "सांगून ठेवलेलं बरं असते."

घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? नवऱ्याने एक-दोनदा विचारलं, "यंदा भाऊची पुरणपोळी नाही आली?" आणि मी विषय बदलला. रात्री कुलूप ओढायला दाराशी गेले की मला तो अहवाल आठवे. साप साप म्हणून भुई धोपटणारे लोक मी पाहिले होते. मी त्यांच्याही पुढे गेले होते. साप नाही हे कळल्यावरही मी धोपटत राहिले होते.

दिवाळी आली. मी भाऊंना म्हटलं, "पाडव्याला दुपारी वहिनींना घेऊन आमच्याकडे जेवायला या." आवतण हा शब्द जिभेवर आला होता, पण तो उच्चारायचं मला धाडस झालं नाही. भाऊंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "येतो."

ते आले. वहिनी म्हणजे बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. आल्या तशा थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि पापड तळायला लागल्या. मला बरं वाटू लागलं होतं. पानं वाढली, नवरा रंगात आला, आणि त्याने ते विचारलंच.

"काय भाऊ, यंदा पोळ्याची पुरणपोळी बुडवली आमची! मी त वाट पाहून पाहून थकलो. गावाले गेलते ना?"

वहिनींचा वाढता हात थांबला. भाऊ पानाकडे बघत होते. आणि मी, जी कधी लग्नाच्या आहेराचंही खोटं कौतुक करत नाही, पटकन बोलले, "गेले होते ना. पण तिकडे पाऊस लागून राहिला होता, नाल्याला पूर आला, यायला उशीर झाला. डबा तिकडेच राहिला म्हणे. आणि फोन करणार कुठून? त्यांच्या गावाला रेंज नाही."

एकेक तपशील आपोआप सुचत गेला. नाला कुठला आणि पूर कुठला, पण नवऱ्याला सगळं पटलं. "हो ना, काटोलकडे लय पाऊस होता यंदा," असं म्हणून त्याने माझ्या खोट्याला स्वतःचंही एक ठिगळ लावलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. उन्हातून आलेल्या बाईला कुणी बसायला पाट द्यावा, तसं. मला वाटलं, मूठ पुन्हा झाकली गेली. मी घेतलेलं परत केलं.

भाऊंनी घास खाली ठेवला.

"नाही जी," ते नवऱ्याला म्हणाले. "मी गेलो नोतो. कधीचाच जात नाही. पुरणपोळी हिच्याच हातची असते, वाडीलेच करते." मग माझ्याकडे वळून, ऑफिसात सांगतात तसंच, शांतपणे म्हणाले, "ताईले माहीत आहे. नोंद आहे त्याची."

वहिनी पुन्हा वाढायला लागल्या. नवरा बिचारा गडबडला, मग सावरून म्हणाला, "मंग त फारच चांगलं. गावाले जायचं कामच नाही, वाडीलेच येऊ खाले." सगळे हसलो आणि जेवण पुढे चालू झालं. मला कोशिंबिरीची चव लागली नाही.

निघताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. घरी आलेल्या कुणालाही मी पोचल्यावर कळवा असं सांगितल्याशिवाय जाऊ देत नाही. जुनी सवय आहे. त्या दिवशी मी ते मुद्दाम म्हटलं नाही. म्हटलं, राहू दे, एवढं तरी त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. भाऊंनी स्कूटर सुरू केली, वहिनी मागे बसल्या, हात हलवला, गेले.

मी आत येऊन पानं उचलली, ओटा पुसला. तेवढ्यात फोन वाजला. भाऊंचा निरोप होता.

"ताई, पोचलो. दोघंही. आता घरीच आहो."